खुब्याचे दुखणे: कोणत्या वयात कोणते कारण, आणि पुढे काय करावे

खुबा दुखू लागला की आपल्याकडे आधी तेल चोळले जाते, मग शेक दिला जातो, आणि तरीही आराम पडला नाही तर औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणल्या जातात. सर्वांत आधी विचारायचा प्रश्न मात्र राहून जातो: दुखणे कोणत्या वयाच्या माणसाला आहे? सहा वर्षांच्या मुलाचे लंगडणे, तिशीतल्या तरुणाच्या जांघेतील कळ, पन्नाशीतल्या बाईला कुशीवर झोपू न देणारी वेदना आणि न्हाणीघरात घसरून पडलेल्या आजींचे दुखणे एकाच सांध्याच्या आसपासचे असले, तरी त्यांची कारणे वेगळी असतात, तपासण्या वेगळ्या असतात आणि किती दिवस थांबता येईल याचे उत्तरही वेगळे असते. काही दुखणी आठवडाभर पाहता येतात, तर काहींमध्ये एक रात्र थांबल्यानेही सांधा कायमचा बिघडू शकतो.

वयाचा विचार करण्याला आणखी एक कारण आहे. भारतात गुडघ्यांची झीज सर्रास आढळते, परंतु मागे कोणताही आजार नसताना केवळ वयोमानाने खुबा झिजण्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने कमी आहे. आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीत एखाद्याचा खुबा निकामी झालेला दिसतो, तेव्हा त्यामागे पुष्कळदा जन्मापासून नीट न बसलेला सांधा, शाळकरी वयात दुर्लक्षिलेले लंगडणे किंवा तरुणपणी हाडाचा बंद पडलेला रक्तपुरवठा असतो. लहानपणी वेळेवर काढलेला एक एक्स-रे पुढच्या चाळीस वर्षांचे चालणे वाचवू शकतो, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोलगट खोबणीत बसतो आणि एका अरुंद मानेने तो मांडीच्या हाडाला जोडलेला असतो. माथ्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या या मानेला लागून वर जातात. मान मोडली, सांध्यात पू साठून दाब वाढला किंवा वाहिन्या आतून बंद झाल्या, तर माथ्याचे हाड मरू लागते. पुढे ज्या ज्या ठिकाणी घाई करण्यास सांगितले आहे, तेथे बहुधा हेच कारण आहे.

पहिली पायरी: नेमके कोठे दुखते ते बोटाने दाखवावे

‘कंबर दुखते’ एवढ्या सांगण्यावरून डॉक्टरांना फारसे काही कळत नाही. उभे राहून, जेथे सर्वांत जास्त दुखते तेथे बोट किंवा तळवा ठेवावा. जांघेत किंवा मांडीच्या पुढच्या भागात दुखत असेल, तर दुखणे प्रत्यक्ष सांध्याचे असण्याची शक्यता जास्त असते. अशी माणसे बरेचदा अंगठा मागे आणि बोटे पुढे अशी पकड करून खुबा धरून दाखवतात. खुब्याच्या बाहेरच्या बाजूला जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तेथे दुखत असेल तर सांध्यापेक्षा तेथे चिकटणाऱ्या स्नायूंच्या कंडरांकडे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांकडे, संशय वळतो. कुल्ल्यात दुखून कळ गुडघ्याच्या खाली जात असेल, मुंग्या येत असतील किंवा खोकताना कळ वाढत असेल, तर मूळ बहुधा कमरेच्या मणक्यांत असते आणि खुबा त्यात निर्दोष असतो.

येथे एक अपवाद पक्का लक्षात ठेवावा. खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवू शकते, कारण दोन्ही सांध्यांना काही मज्जातंतू सामाईक आहेत. लहान मुलांत हे विशेष दिसते. मूल गुडघा दुखतो म्हणते, गुडघ्याचा एक्स-रे निर्दोष येतो, घरचे निश्चिंत होतात, आणि वर खुब्यात आजार वाढत राहतो. मुलाचा गुडघा दुखत असेल आणि गुडघ्यावर सूज किंवा मार दिसत नसेल, तर खुबा तपासला गेलाच पाहिजे, असा आग्रह पालकांनी स्वतः धरावा.

दुसरी पायरी: घरच्या घरी चार साध्या चाचण्या

पडल्यानंतर उभे राहता येत नसेल किंवा ताप असेल तर या चाचण्या करू नयेत. इतरांनी त्या सावकाश कराव्यात आणि काय आढळले ते कागदावर लिहून ठेवावे.

पाठीवर झोपून गुडघा व खुबा काटकोनात वाकवावा आणि दुसऱ्या व्यक्तीने पाऊल हळूच बाहेरच्या दिशेने न्यावे, म्हणजे मांडी आतल्या बाजूस वळते. या हालचालीने जांघेत कळ आली किंवा दुसऱ्या पायाच्या मानाने मांडी फारच कमी वळली, तर सांध्याच्या आत काहीतरी आहे असे समजावे. दुसरी चाचणी म्हणजे भिंतीचा हलका आधार घेऊन दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभे राहणे. यात खुब्याच्या बाहेरच्या बाजूला नेहमीची वेदना उमटली, तर ती कंडरांची असण्याची शक्यता मोठी असते. तिसरी, पायमोजे घालणे, पायाची नखे कापणे, मांडी घालून जेवायला बसणे आणि उकिडवे बसणे यांपैकी काय जमत नाही ते पाहावे. सांधा झिजलेल्या माणसाला ही कामे कठीण जातात, तर केवळ कंडरा दुखणाऱ्या माणसाला ती सहसा जमतात. चौथी चाचणी चालण्याची: घरातल्या कोणीतरी मागून चाल पाहावी आणि मोबाइलवर तिचे चित्रण करावे. दवाखान्यात गेल्यावर मूल नेमके नीट चालते हा पालकांचा नेहमीचा अनुभव आहे, तेव्हा हे चित्रण उपयोगी पडते.

तिसरी पायरी: कोणत्या लक्षणांत थांबू नये

ताप आणि खुब्याचे दुखणे एकत्र असतील, मूल पाय टेकवायला तयार नसेल, पडल्यानंतर उभे राहता येत नसेल, पडलेल्या माणसाचा पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल किंवा बसण्याच्या जागेवर बधिरपणा आला असेल, तर ती मणक्याची तातडीची अवस्था असते. रात्री झोपेतून उठवणारी आणि विश्रांतीनेही न थांबणारी वेदना, सोबत वजन घटणे, किंवा पूर्वी कर्करोगावर उपचार झालेल्या माणसाला नव्याने सुरू झालेले खुब्याचे दुखणे, यांसाठी काही दिवसांच्या आत तपासणी व्हायला हवी. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आणि मूत्रपिंड यांचे कर्करोग हाडांत पसरू शकतात आणि खुब्याजवळचे हाड ही त्यांची एक नेहमीची जागा आहे.

तान्ही बाळे: येथे दुखत नाही, म्हणूनच पाहावे लागते

काही बाळांचा खुब्याचा सांधा जन्मतः उथळ असतो किंवा माथा खोबणीतून निसटलेला असतो. यात बाळाला काहीही दुखत नाही. पहिली मुलगी, पायाळू बाळ आणि कुटुंबात कोणाला हा दोष असणे ही जास्त जोखमीची चिन्हे आहेत. लंगोट बदलताना दोन्ही मांड्या सारख्याच फाकतात का आणि मांडीच्या वळ्या दोन्हीकडे सारख्या आहेत का, ते पाहावे. लसीकरणाच्या ६, १० आणि १४ आठवड्यांच्या भेटींत डॉक्टरांना ‘बाळाचे खुबे एकदा पाहाल का’ असे विचारण्याची सवय आयांनी लावून घ्यावी. पहिल्या चार-सहा महिन्यांत एक्स-रेपेक्षा सोनोग्राफी उपयोगी पडते. या वयात दोष सापडला तर पट्ट्यांच्या एका साध्या साधनाने, शस्त्रक्रियेविना, बहुतेक सांधे जागेवर बसतात. हाच दोष मूल चालू लागल्यावर लंगडण्यातून लक्षात आला, तर शस्त्रक्रियेवाचून सहसा निभावत नाही.

बाळाला दुपट्यात गुंडाळताना पाय सरळ आणि घट्ट बांधू नयेत. गुडघे वाकवता येतील आणि मांड्या फाकवता येतील एवढी जागा ठेवावी. न्हाऊ घालताना पाय ताणणे किंवा बाळाला पायांना धरून उलटे लोंबकळवणे बंदच करावे, मग न्हाऊ घालणारी बाई कितीही अनुभवी असो. याउलट आपली कडेवर घेण्याची रीत खुब्यांसाठी चांगली आहे, कारण त्यात बाळाच्या मांड्या आपोआप फाकलेल्या राहतात.

तीन ते दहा वर्षे: लंगडणाऱ्या मुलाचे काय करावे

या वयात खुबा दुखण्याचे सर्वांत सामान्य कारण निरुपद्रवी असते. सर्दी-तापाची साथ होऊन गेल्यावर काही दिवसांनी मूल सकाळी उठते ते लंगडतच. सांध्याच्या आवरणाला तात्पुरती सूज आलेली असते आणि विश्रांतीने ती बहुधा एक ते दोन आठवड्यांत ओसरते. मात्र हे निदान इतर आजार नाहीत याची खात्री पटल्यावरच करायचे असते, आणि ती खात्री घरी बसून होत नाही.

ज्याला वगळायलाच हवे तो आजार म्हणजे सांध्यात पू होणे. मुलाला १०१ अंश फॅरनहाइटच्या वर ताप, पाय अजिबात न टेकणे, खुबा किंचित वाकवून निपचित पडून राहणे, हात लावला की किंचाळणे अशी त्याची लक्षणे असतात. तान्ह्या बाळात ताप नसूही शकतो. एक पाय हलवणे थांबणे एवढेच चिन्ह असते. रक्तातील पांढऱ्या पेशी, शरीरातील दाह दाखवणाऱ्या ईएसआर व सीआरपी या रक्तचाचण्या आणि खुब्याची सोनोग्राफी यांवरून निदानाला आधार मिळतो. पू शस्त्रक्रियेने काढावा लागतो आणि त्यासाठीचा वेळ तासांत मोजायचा असतो. अशा मुलाला गोव्याच्या काणकोण किंवा वाळपईसारख्या दूरच्या भागातून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) न्यायचे झाले तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. उजाडण्याची वाट पाहू नये.

पर्थेसचा आजार मात्र हळूहळू येतो. १९१० मध्ये तीन देशांतील डॉक्टरांनी तो स्वतंत्रपणे वर्णिला आणि त्यांतील जर्मन शल्यविशारद पर्थेस यांचे नाव त्याला चिकटले. चार ते आठ वर्षांच्या मुलांत तो जास्त दिसतो, मुलींच्या चार-पाच पट मुलग्यांत आढळतो, आणि त्यात माथ्याचा रक्तपुरवठा काही काळ खंडित होऊन हाड मऊ पडते व चपटे होऊ लागते. गोव्यातील पालकांनी हे नाव लक्षात ठेवण्यास एक खास कारण आहे. आपल्या दक्षिणेला असलेल्या कर्नाटकच्या किनारपट्टीवर, उडुपीच्या परिसरात, या आजाराचे प्रमाण जास्त असल्याचे मणिपालच्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या अभ्यासात दिसले आहे आणि आपल्याकडील मुलांत तो थोड्या मोठ्या वयात सुरू होतो असेही तेथे नोंदले गेले आहे. मूल खेळून आल्यावर लंगडते, सकाळी पुन्हा ठीक असते आणि आठवडेच्या आठवडे हे असेच चालते, तोवर मांडी बारीक होत जाते. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ लंगडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या दोन्ही खुब्यांचा एक्स-रे काढावा, हा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पर्थेसमध्ये माथा पुन्हा भरून येतो, पण तो गोल भरून येतो की चपटा, हे मुलाचे वय आणि उपचाराची वेळ यांवर ठरते.

क्षयरोग फक्त फुप्फुसांचा असतो हा समज चुकीचा आहे. हाडांच्या क्षयात मणक्यांच्या खालोखाल खुब्याचा क्रमांक लागतो. बारीक ताप, घटणारे वजन, महिनोन्महिने चालणारे दुखणे आणि झोपेत स्नायू सैल पडताच मूल अचानक किंचाळून उठणे ही त्याची खूण आहे. औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. ती वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ घ्यावी लागतात आणि बरे वाटले म्हणून मध्येच सोडायची नसतात.

दहा ते सतरा: वाढीचे वय आणि मैदान

या वयातील एक आजार वारंवार नजरेतून सुटतो. वाढीच्या काळात हाडाचा माथा आणि मान यांच्यामध्ये कूर्चेचा मऊ थर असतो. वजन जास्त असलेल्या मुलांत तो सरकू शकतो आणि माथा मानेवरून मागे घसरतो. थायरॉइड कमी असलेल्या मुलांत ही शक्यता आणखी वाढते. दुखणे जांघेत, मांडीत किंवा केवळ गुडघ्यात असते, पाऊल बाहेर वळवून मूल चालते, आणि पाठीवर झोपवून खुबा वाकवला की गुडघा आपोआप बाहेर पडतो. ‘वजन कमी कर, खेळायला जा’ हा सल्ला येथे घातक ठरतो. संशय आला त्या क्षणापासून मुलाने पायावर भार देऊ नये आणि त्याच दिवशी चाकांच्या खुर्चीवरून त्याला अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे. केवळ समोरून काढलेल्या एक्स-रेत सुरुवातीचे घसरणे दिसत नाही, म्हणून गुडघे वाकवून मांड्या फाकवलेल्या स्थितीतलाही एक्स-रे मागावा. स्क्रूने माथा जागेवर थोपवला जातो, आणि पुढचे काही महिने दुसऱ्या खुब्यावरही लक्ष ठेवावे लागते.

फुटबॉल हा गोव्याचा राज्य खेळ, आणि पावसाळ्यात चिखलाच्या मैदानावर खेळणारी मुले गावोगाव दिसतात. जोरात किक मारताना किंवा एकदम धावताना जांघेत ‘कट्’ असा आवाज होऊन मुलगा खाली बसला, तर स्नायू ओढला गेला असे गृहीत धरू नये. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलात स्नायूपेक्षा हाडाचे टोक कमजोर असते आणि स्नायू ते टोकच उपटून काढतो. एक्स-रेवर ते दिसते. बहुतेकांना कुबड्या आणि काही आठवड्यांची विश्रांती पुरते, मात्र मैदानावर परतायला दोन-तीन महिने लागू शकतात. येथे मालिश करू नये. ताज्या दुखापतीला जोरात चोळल्याने स्नायूत हाड तयार होण्याचा धोका असतो.

वीस ते चाळीस: जांघेतील कळ हलक्यात घेऊ नये

या वयोगटासाठी एकच नाव लक्षात ठेवायचे असेल तर ते एव्हीएनचे ठेवावे. रक्तपुरवठा तुटल्यामुळे माथ्याचे हाड मरण्याच्या आजाराला डॉक्टर थोडक्यात असे म्हणतात. तरुण भारतीयांना कृत्रिम सांधा बसवावा लागण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. स्टेरॉइडचे मोठे डोस आणि दीर्घकाळचे अतिमद्यपान ही त्याची दोन ठळक कारणे असून सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांतही तो होतो. कोविडच्या साथीत जीव वाचवण्यासाठी अनेकांना स्टेरॉइड द्यावी लागली आणि त्यानंतर असे रुग्ण वाढल्याचे देशभरातील अस्थिरोगतज्ज्ञांनी नोंदवले. स्टेरॉइड घेतल्यापासून काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी जांघेत कळ सुरू होते, त्यामुळे दोन्हींचा संबंध रुग्णाच्या ध्यानात येत नाही. दमा, त्वचारोग, किडनीचे आजार यांसाठी घेतलेल्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी म्हणूनच सोबत न्यावी. वातावरची म्हणून मिळणारी नाव नसलेली पुडी किंवा गोळी घेऊच नये, कारण अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेले आढळते. आणि दारूचे प्रमाण डॉक्टरांना खरे सांगावे. फेणी असो, बिअर असो, मोजणी दोहोंची होते.

सुरुवातीच्या एव्हीएनमध्ये एक्स-रे पूर्णपणे निर्दोष येऊ शकतो. अशा वेळी ‘एक्स-रे नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान न मानता एमआरआयबद्दल विचारावे, आणि तो दोन्ही खुब्यांचा असावा, कारण दुसरी बाजू न दुखताही आजारी असू शकते. माथा अजून खचलेला नसताना निदान झाले तर त्याला वाचवण्याचे उपाय असतात. खचल्यानंतर कृत्रिम सांध्याकडे जाणेच बहुधा उरते.

जांघेच्या कळेची इतर कारणे थोडक्यात पाहू. पोलीस किंवा सैन्य भरतीच्या तयारीत धावणे एकदम वाढवलेल्या तरुणांत हाडाच्या मानेला ताणाची चीर पडते. धावताना दुखते, थांबले की कमी होते. तशीच धाव चालू ठेवली तर मान मोडते, म्हणून एमआरआय होईपर्यंत धावणे पूर्ण बंद ठेवावे. हाडाच्या आकारातील दोषामुळे माथा आणि खोबणीची कड एकमेकांवर घासत असतील, तर खोल खुर्चीत बसल्यावर किंवा मोटारीतून उतरताना कळ येते. यात व्यायामाने बऱ्याच जणांना आराम पडतो. उत्तररात्री कुल्ला व कमरेच्या दुखण्याने जाग येत असेल, सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, बसून राहिल्याने वाढत आणि हालचालीने कमी होत असेल, मधूनच डोळा लाल होऊन दुखत असेल, तर तो अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्यांचा दाहक संधिवात, असू शकतो, आणि त्यासाठी संधिवाततज्ज्ञांना भेटावे.

गरोदरपणात कटीचे सांधे सैल होऊन चालताना, जिना चढताना आणि कुशी बदलताना दुखते. गुडघे एकत्र ठेवून कूस बदलणे, बसून कपडे घालणे आणि कटीचा पट्टा यांनी फरक पडतो आणि बाळंतपणानंतर हे बहुधा जाते. शेवटच्या तिमाहीत एका जांघेत इतके दुखू लागले की पायावर भार घेववत नाही, तर मात्र तो हाडाचा तात्पुरता ठिसूळपणा असू शकतो आणि तपासणी आवश्यक ठरते.

चाळीस ते साठ: बाहेरच्या बाजूचे दुखणे

या वयात, विशेषतः स्त्रियांना, खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्यावर दुखते. त्या कुशीवर झोपता येत नाही आणि जिने चढताना कळ येते. याला अनेकजण सांध्याची झीज समजून घाबरतात. वास्तविक हा कुल्ल्याच्या स्नायूंच्या कंडरांचा आजार असतो. त्यात ज्या सवयी कंडरेला हाडावर दाबून धरतात त्या आधी सोडाव्या लागतात: पायावर पाय टाकून बसणे, एका पायावर भार टाकून तिरके उभे राहणे, नातवंडाला नेहमी त्याच कडेवर घेणे. झोपताना न दुखणाऱ्या कुशीवर झोपून दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेवावी. बाहेरची बाजू ताणण्याचे व्यायाम लोकप्रिय असले तरी येथे ते त्रास वाढवतात. त्याऐवजी पाठीवर झोपून गुडघे वाकवावेत व कंबर उचलावी, उभे राहून आधाराने सावकाश बाजूला पावले टाकावीत, आणि हे रोज, हळूहळू वाढवत आठ ते बारा आठवडे करावे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत आठ आठवड्यांनंतर असा व्यायाम आणि सवयींतील बदल हे स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले होते. चवथीच्या दिवसांत फुगड्या घालून दुखणे उफाळले तर आठवडाभर व्यायाम निम्म्यावर आणावा, पूर्ण बंद करू नये.

मांडीच्या बाहेरच्या बाजूस केवळ जळजळ आणि बधिरपणा असेल तर कारण घट्ट पट्टा, घट्ट पँट किंवा वाढलेले पोट असू शकते. तेथील मज्जातंतू दाबला जातो आणि दाब काढला की बहुधा सुटका होते.

साठीनंतर: झीज एकवेळ थांबेल, मोडलेले हाड थांबत नाही

सांध्याची झीज ओळखणे फार कठीण नसते: जांघेत दुखणे, बसून उठल्यावर पहिली काही पावले अडखळणे, मांडी घालून बसणे सुटणे. वजन कमी करणे, मांडी आणि कुल्ल्याचे स्नायू बळकट करणे, पाटाऐवजी उंच खुर्ची आणि कमोड वापरणे यांवर पुष्कळ वर्षे काढता येतात. काठी दुखऱ्या बाजूच्या नव्हे, विरुद्ध बाजूच्या हातात धरावी आणि हात खाली सोडल्यावर तिची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी. रात्रीची झोप आणि रोजचे चालणे दोन्ही हिरावले गेले की कृत्रिम सांध्याचा विचार करावा. हे सांधे आता बहुतेकांत वीस वर्षे किंवा त्याहून जास्त टिकतात. चालताना कुल्ले आणि मांड्या भरून येत असतील व खाली वाकून बसले की मोकळे वाटत असेल, तर मात्र खुब्याऐवजी मणक्यातील अरुंद झालेली जागा तपासावी.

पडल्याने मोडलेला खुबा ही वेगळी गोष्ट आहे. गोव्याच्या पावसात चिऱ्याच्या पायऱ्या आणि अंगण शेवाळते, वीज जाते, आणि न्हाणीघराची लादी तर बाराही महिने ओली असते. आजी किंवा आजोबा पडले आणि उभे राहता येत नसेल, तर त्यांना ओढून उठवू नये, पाय सरळ करून पाहू नये आणि हाडवैद्याला बोलावून चोळून घेऊ नये. दोन पायांमध्ये उशी ठेवून, अंगावर पांघरूण घालून १०८ ला फोन करावा. काही वेळा मोडलेली टोके एकमेकांत रुतून बसतात आणि माणूस दुखत दुखत चार पावले चालतोही, म्हणून पडल्यानंतर जांघेत दुखत असेल तर चालता येत असले तरी एक्स-रे काढावा. तो निर्दोष असूनही दुखणे तसेच राहिले तर एमआरआय किंवा सीटी स्कॅन करावा.

‘आता या वयात शस्त्रक्रिया कशाला’ हा प्रश्न प्रेमापोटी येतो, पण त्याचे उत्तर कुटुंबाने नीट समजून घ्यायला हवे. बहुतेक वृद्धांसाठी शस्त्रक्रियेपेक्षा अंथरुणाला खिळणे जास्त धोक्याचे असते. काही आठवड्यांतच न्यूमोनिया, पाठीवरच्या जखमा, पायात रक्ताच्या गुठळ्या आणि लघवीचे संसर्ग सुरू होतात. शक्यतो ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी आणि दुसऱ्याच दिवशी आधाराने उभे करावे, असेच आज सांगितले जाते. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांची यादी तयार असेल तर भूलतज्ज्ञांचा बराच वेळ वाचतो.

ठिसूळ हाडांसाठी पासष्टीच्या आसपास, आणि रजोनिवृत्ती लवकर आलेल्या किंवा स्टेरॉइड घेतलेल्या स्त्रियांनी त्याआधीच, हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी. आहारात नाचणी, दूध, तांबडी भाजी आणि काट्यांसह खाता येणारी बारीक मासळी असावी. उन्हाच्या प्रदेशात राहूनही पुष्कळांत ड जीवनसत्त्व कमी असते, म्हणून ते तपासावे. न्हाणीघरात भिंतीला दांडा, रात्रभर छोटा दिवा, पायांत न घसरणारी चप्पल आणि पावसाआधी पायऱ्यांवरचे शेवाळ घासून काढणे, ही कामे एका रविवारी होण्यासारखी आहेत.

पहिल्या दोन आठवड्यांत घरी काय करावे

तातडीचे कोणतेही लक्षण नसलेल्या प्रौढ व्यक्तीने दुखणे वाढवणारी हालचाल कमी करावी, परंतु अंथरूण धरू नये. सपाट जागी थोडे चालत राहावे. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात घ्यावे. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंड, रक्तदाब किंवा पोटातील व्रण यांचा त्रास असलेल्यांनी आणि वृद्धांनी स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. शेकाने बरे वाटत असेल तर शेकावे, मात्र मधुमेहामुळे पाय बधिर असलेल्यांनी भाजण्याची काळजी घ्यावी. दोन आठवड्यांत स्पष्ट फरक पडला नाही, किंवा मधेच दुखणे वाढले, तर पुढची पायरी घ्यावी. लहान मुलांना हा दोन आठवड्यांचा अवधी लागू नाही. त्यांना सुरुवातीलाच दाखवावे.

डॉक्टरांकडे जाताना

जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र ही योग्य सुरुवात आहे. तेथून म्हापसा किंवा मडगावच्या जिल्हा रुग्णालयात, आणि गुंतागुंतीच्या दुखण्यासाठी बांबोळीच्या गोमेकॉत चिठ्ठी मिळते. दुखणे कधीपासून, कोठे, कशाने वाढते, सकाळी जास्त की संध्याकाळी, आणि आपण केलेल्या चार चाचण्यांत काय आढळले, हे अर्ध्या पानावर लिहून न्यावे. बाळपणी पाय प्लास्टरमध्ये होता का, शाळेत असताना लंगडणे होते का, हे आईला किंवा मोठ्या मावशीला विचारून जावे. पन्नाशीतल्या झिजेचे कारण तेथे सापडू शकते. एक्स-रे एकाच बाजूचा नसावा. दोन्ही खुबे एका फिल्मवर असले तर तुलना करता येते. जुन्या फिल्म फेकू नयेत.

शस्त्रक्रिया सुचवली गेल्यास ती गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेच्या यादीत आहे का, कार्डाचे नूतनीकरण झाले आहे का आणि कोणत्या रुग्णालयात ती होते, हे दाखल होण्यापूर्वीच विचारावे. मोडलेल्या खुब्यावर शस्त्रक्रिया होऊन घरी परतताना आणखी एक प्रश्न विचारायचा राहू नये: हाडे बळकट करण्याचे औषध कधी सुरू करायचे? एकदा खुबा मोडलेल्या माणसाचे दुसरे हाड मोडण्याचा धोका मोठा असतो, आणि घरी परतण्याच्या चिठ्ठीत वेदनाशामक गोळ्या असतात पण हे औषध पुष्कळदा नसते.